वाघिणीपुढं सोडलेली मरळ

आबा, आज दुपारी जे घडलं ते तुम्हालाच सांगायचंय. तुमच्या माघारी मला कोल्हापूरजवळच्या प्राणीसंग्रहालयात वाघांची देखभाल करायचं काम लागलं. आमच्याकडं पिंजऱ्यातच जन्मलेली एक वाघीण आहे. तिला मोठं आवार दिलं, तळं दिलं, तरी ती जुन्या पिंजऱ्याच्या मापाचीच येरझार घालायची. दिवसभर. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "तळ्यात जिवंत मासे सोडू. तिच्या जिवाला काहीतरी काम मिळू दे." मासे मीच आणले. चार मरळी.

पाणी हललं तशी वाघीण आधी घाबरून मागं सरली. मग जी झेपावली, पाणी जाळीबाहेर माझ्या तोंडावर उडालं. मरळ तोंडात धरून ती वर आली, गवतावर टाकली आणि बघत बसली. मरळ लवकर मरत नाही, तुम्हीच सांगायचा. वाघीण पंजा मारायची, मासा तडफडत सरकायचा, की पुन्हा पंजा. किती वेळ चाललं! आणि कोणीतरी ओरडत होतं, "धर! धर की!" डॉक्टरबाईंनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं, ती मीच होते.

त्या क्षणी मी पुन्हा नऊ वर्षांची आहे. तुम्ही पंचगंगेवरून आणलेली मरळ सुतळीला बांधून मी चुलीपुढं मांजरासमोर नाचवतेय, खिदळतेय. तुम्ही दारातून येता आणि मुस्काटात देता. "पोटासाठी मारतोय आपण. खेळाय न्हाय!" एका घावात तुम्ही तिला मोकळं करता. त्या दिवशी आईनं कालवण केलं, पण तुम्ही ताटावर बसला नाहीत. मला तेव्हा वाटलं होतं, राग माझ्यावर आहे.

वाघिणीनं अखेर मासा खाल्ला. मग स्वतःहून पाण्यात उतरली, उरलेल्या तिन्ही शोधून काढल्या. संध्याकाळी ती ओल्या अंगानं काठावर आडवी पडून झोपली होती. येरझार नाही. तिला अशी झोपलेली आम्ही कुणीच कधी पाहिली नव्हती. मला रडू आलं. कुणासाठी, ते अजून ठरत नाही.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "पुढच्या आठवड्यात परत सोडूया?" मी लगेच "व्हय" म्हणाले. तिच्या भल्यासाठी, असं मी सगळ्यांना सांगितलंय. हा कागद कुठं पोचायचा नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते: मला ते पुन्हा बघायचंय.