येळवसेला उघडं दुकान

लातूर,
सोमवार, २९ डिसेंबर

चि. अक्षरास,

अप्पांचा आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या आईचा गुडघा थंडीनं धरलाय, जिभेला काही झालेलं नाही. शेजारचा श्रीशैल उद्या नांदेडला येतोय, त्याच्या हाती हे पत्र आणि एक पुडकं देतोय. फोनवरच बोलणार होतो, पण फोनवर तू "हाव अप्पा, हाव अप्पा" म्हणतेस आणि मागं कीबोर्ड वाजत असतो. कागदाला मध्येच "ठेवते आता" म्हणता येत नाही.

येत्या शनिवारी तू तुझ्या ऑफिसातल्या त्या पुनमला घेऊन दुकानावर येणार, तिला आपल्याकडून दोन कुर्ते शिवून हवेत, असं तुझ्या आईला सांगितलंस. त्याचं खाली लिहितो. आधी तुझे कपडे.

तुमच्या ऑफिसनं कळवलं की बायकांनी 'स्मार्ट कॅज्युअल' घालून यावं. मी या शब्दाचा अर्थ चार लोकांना विचारला. एक म्हणाला, बँकेत चालेल पण बँकेतलं वाटू नये असं. दुसरा म्हणाला, लग्नात चालणार नाही ते सगळं. बाकीचे दोघं हसले. म्हणजे ज्यांना कपड्यातलं थोडंही कळत नाही, त्यांनी ज्यांना मुळीच कळत नाही त्यांच्यासाठी केलेला हा नियम. आणि तू आणि पुनम तो वाचून सरळ शोरूममध्ये गेलात. पहिल्या पगाराची पिशवी भरून आलात आणि मग मला फोटो पाठवलेत, "अप्पा, चालतील का?" म्हणून. विचारायचं आधी असतं.

तो पांढरा शर्ट. खांद्याची शिवण दंडावर उतरलीय. तू म्हणशील, सध्या तसंच आहे. खांदा जिथं संपतो तिथं शिवण यावी, हे हाडांनी ठरवलंय, पुनमनं नाही. शिवाय छातीजवळ दोन बटणांमध्ये फट पडते. फोटोत दिसत नाही, कारण तू श्वास ओढून ताठ उभी आहेस. ऑफिसात बसायचं असतं. खुर्चीवर बस, पुढं वाकून टेबलापलीकडची फाईल ओढ, आणि मग आरशात बघ. नीट शिवलेल्या शर्टाला त्या जागी आतून एक टिचबटण असतं. यांनी टिचबटण वाचवलं आणि गळ्यामागं 'प्रीमियम' लिहिलं.

मोहरी रंगाचा कुर्ता तर हातात धरू नये. तोच निळ्यात होता, निळा घ्यायचास. मोहरीचा दुसऱ्याच धुण्याला जुन्या पायपुसणीचा रंग होतो, हर आठवड्याला दोघी-तिघी तो परत घेऊन येतात. बाजूची शिवण उसवून बघ, आत पाव इंचसुद्धा माया सोडलेली नाही. म्हणजे उद्या तू दोन घास जास्त खाल्लेस तर तो सैल करता येणार नाही. टाकूनच द्यायचा. त्यांना तेच हवंय.

ती घोट्यावर थांबलेली घेरदार पँट. पायजमा म्हणावा तर लाज वाटते, परकर म्हणावा तर त्यालाच लाज वाटेल. ती घालून स्टेशनसमोरच्या ऑटोत चढून दाखव, मग बोलू. आणि तो काळा ब्लेझर. वर पॉलिस्टर, आत पॉलिस्टरचं अस्तर. नांदेडच्या उन्हाळ्यात तो अंगावर घेतलास तर संध्याकाळपर्यंत शिजशील.

करडी पँट बरी आहे. खिसा खरा आहे, मनगटापर्यंत हात जातो. मी इतकी वर्षं बायकांच्या कपड्याला खिसा लावायला नाही म्हणत आलो, कमरेची रेघ बिघडते म्हणून. मी ही पँट उलटी करून, टीप न् टीप बघितली. रेघ बिघडलेली नाही. कुणी कापली कोण जाणे, पण त्याला हात आहे.

आता माझं ऐक. ऑफिसला जाणाऱ्या बाईला कपाटभर कपडे लागत नाहीत, एकमेकांशी जमणारे लागतात. सरळ पायाच्या दोन पँटा, एक ही करडी, एक गडद निळी. तीन सुती कुर्ते, गुडघ्याच्या चार बोटं वर थांबणारे, कारण गुडघ्याखाली गेला की तो खुर्चीच्या चाकात येतो. एक पांढरा शर्ट, पण मापाचा. बिनअस्तराचं एक सुती जाकीट, एसीत घालायचं आणि बाहेर आलं की हातावर टाकायचं. मोठे साहेब येणार त्या दिवशी एक इरकल नेस. एवढं झालं की दारावर कसलाही नियम चिकटवू दे, तू बरोबरच दिसशील.

हे मला कुणी शिकवलेलं नाही. उदगीरला मी ज्या मास्तरकडं होतो, तो मला काजं करायला बसवायचा आणि स्वतः कटिंगला उभा राहिला की टेबलाकडं पाठ करायला लावायचा. मग मी आठवडी बाजारातून जुने कपडे आणून ते शिवण-शिवण उसवायचो आणि जमिनीवर तुकडे मांडायचो. तो मास्तर आयुष्यभर बाहीला चुण्या पाडत मेला. माझ्या बाहीला चुणी पडलेली तू पाहिली आहेस का?

तुझी आई आत्ता खांद्यावरून वाचून गेली. म्हणाली, "पोरीनं लेकराच्या हौसेनं घेतलं, तुम्ही पंचनामा करून राहिलात. आणि जे लिहायला बसलात ते कुठं हाय?"

लिहितो.

या अमावस्येला, येळवसेला, तू मामाच्या रानातून फोन केलास. मागं आंबील वाढायची गडबड ऐकू येत होती. तू विचारलंस, "अप्पा, सगळे आलेत, तुम्ही कुठं?" मी म्हणालो, दुकानावर, लग्नाचं काम आलंय. मग म्हणालीस, "येळवसेला? दुकान?" आणि आईकडं फोन दिलास.

बरोबर आहे. त्या दिवशी लातुरात उघडं दुकान शोधून सापडत नाही. सगळं गाव रानात असतं, भज्जी-भाकरी खाऊन झाडाखाली आडवं. माझ्या वडलांनी त्या दिवशी कधी कामाला हात लावला नाही, मीही नाही. खोटं बोलायचंच होतं तर निदान दुसऱ्या कुठल्या दिवशी बोलायचं.

दुकान नाही, अक्षरा. दसऱ्याला तू आलीस, आपण मशीनला हार घातला, ती तिथली शेवटची पूजा. पुढच्या आठवड्यात गाळा सोडला. कुणी काढलं नाही, मी सोडला. बायका कापड घेऊन येईनाशा झाल्या. यायच्या त्या साडीला फॉल लावायला आणि ब्लाऊजला हूक. मी काय हूक लावायला उसवून उसवून शिकलो? आता तिथं मोबाईलची कव्हरं विकतात, माझ्याच कटिंगच्या टेबलावर मांडून. मशीन घरी आहे, तुझ्या खाटेच्या जागी. तुझ्या आईला दुरुस्तीला आणलीय म्हणून तुला सांगायला मीच लावलं होतं.

मी शोरूममध्ये बसतो. तुझे फोटोतले कपडे ज्यांचे, त्यांच्याच लातूरच्या शाखेत, ट्रायल रूमच्या मागं. बायका आत घालून बघतात, बाहेर येऊन तोंड वाकडं करतात, आणि मग तो कपडा माझ्याकडं येतो. लांबी कमी करायची, कंबर आवळायची. मोहरी कुर्ता परत येतो हे मला तिथं कळलं. करडी पँट तिथंच उलटी केली. मॅनेजरला उभा धागा आणि आडवा धागा कळत नाही, पण हातात वॉकीटॉकी असते. मालक बाहेरचे. येळवस म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नाही, म्हणून त्यांनी नेमका त्याच दिवशी सेल लावला. दिवसभर एक गिऱ्हाईक नाही. मॅनेजर दारात उभा राहून मला विचारतो, "काका, आज कर्फ्यू आहे का?" मी सांगितलं नाही. राहू दे उभा.

हे पत्र मी 'शनिवारी दुकानावर येऊ नकोस' असं लिहून सुरू केलं होतं. तो कागद फाडला. तू पुनमला सांगितलंयस की माझ्या अप्पांसारखा हात लातुरात नाही. ते खरं आहे. दुकान गेलं म्हणून ते मागं घेऊ नकोस.

पुडक्यात निळं जाकीट आहे. सुती, बिनअस्तराचं, तुझ्या दसऱ्याच्या मापानं. आत दोन्हीकडं भरपूर माया सोडली आहे. खिसे दोन, खरे. हात घालून बघ.

तेव्हा या शनिवारी. जुन्या जागी जाऊ नका. शोरूमचा दुसरा मजला, लेडीज सेक्शन, ट्रायल रूमच्या मागं एक निळा पडदा आहे. पुनमचं माप तिथंच घेईन. कापड तिनं स्वतः आणावं, तिथलं एक सूत मी माझ्या मशीनखाली घालणार नाही. कुर्ते घरी शिवीन.

एकच सांगतो. तिथं मला सगळे 'अल्टरवाले काका' म्हणतात. मॅनेजर, पोरी, गिऱ्हाइकं, सगळे. तू पुनमला घेऊन पडद्याशी आलीस की कुजबुजू नकोस. रानातून हाक मारतेस तशी मार, अप्पा म्हणून, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी. आणि हाक मारवणार नसेल तर खालूनच आईकडं घरी जा, मी संध्याकाळी येतो. मी काही विचारणार नाही.

पडद्याकडं कान लावून,
तुझे अप्पा

बसवंत टेलर, लेडीज स्पेशालिस्ट
(पाटी विकलेली नाही. पलंगाखाली आहे.)