उमेदवाराने खुर्ची नाकारली

वाल्या मारे,
संत इलीच्या सणानंतरचा मंगळवार

आदरणीय चेझार मुंत्यानू साहेब, रोमा समावेशन प्रकल्प, मुख्य कार्यालय, बुखारेस्ट यांस (म्हणजे आमचा मुर्शा, माझ्या बहिणीचा, साव्हेताचा धाकटा, यास) मामा इस्पासचे अनेक आशीर्वाद.

तब्येत कशी आहे? सूनबाईंची कशी आहे? (त्यांना आम्ही अजून फोटोतच पाहिलंय, पण फोटोत तब्येत चांगली दिसते.) पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव घातलेलं नाही, तुझ्या आईने तशी तंबीच दिली. म्हणाली, तिकडे ऑफिसात त्याच्या मागे कुजबुज नको. इकडे माझा उजवा गुडघा सोडला तर सगळं ठीक. आईचं डोकं अधूनमधून गरगरतं, पण तुझ्या प्रकल्पाचं माहितीपत्रक तिने आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलंय आणि ते पाहिलं की तिला बरं वाटतं. त्यात तू आपल्यातल्याच एका रोमा माणसाशी हस्तांदोलन करतोयस, आणि चेहरा असा, की असा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच बघतोयस. ऑफिसात तुझा सावळा रंग ग्रीक आजीकडून आल्याचं सांगतात, हेही कानावर आलं. तुझी आजी ग्रीक होती हे आम्हाला आत्ताच कळलं. ती मेली तेव्हा तिलाही माहीत नव्हतं.

आता मुद्द्याचं. मार्चमध्ये नगरपालिकेने फतवा काढला, की यंदा शरदातल्या जत्रेत कौशल्याचं प्रमाणपत्र असल्याशिवाय कुणालाही दुकान मांडता येणार नाही. तू विसरला असशील (ग्रीक लोकांना हे कुठून माहीत असणार), पण आपलं अख्खं वर्ष त्या चार दिवसांवर चालतं. आलुबुखार पिकतात, खेड्यापाड्यांतली माणसं दारू गाळायचे हंडे घ्यायला येतात, आणि जत्रेत जो हंडा खपला नाही त्यात पुढच्या वर्षापर्यंत कोंबड्या अंडी घालतात. मी चौकशीला गेलो. खिडकीतली बाई गोड हसून म्हणाली, काळजी करू नका, तुमच्यासाठी सहा आठवड्यांचा मोफत वर्ग आहे, तुम्हाला सामावून घ्यायचं ठरलंय. मी विचारलं, कशात? ह्या इमारतीच्या पन्हळी माझ्या आजोबांनी ठोकल्या तेव्हा इथे तुमची खिडकीसुद्धा नव्हती. तिने माझ्या नावापुढे ‘संवादात अडचण’ असं लिहिलं. (मला उलटं वाचता येतं. लष्करात शिकलो. सुलटंही तिथेच शिकलो.)

तुमच्या प्रकल्पाचा हा वर्ग भरला शाळेच्या व्यायामशाळेत. आम्ही अकरा तांबट, सगळ्यांची मिळून हातोडा धरल्याची चारशे वर्षं तरी भरतील, आणि शिकवायला प्लेशा सर, वय सव्वीस. आधी मोबाइलची कव्हरं विकायचे. पोरगा वाईट नाही हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्या तोंडून काय निघेल याचा भरवसा नाही. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीवर चित्र पाडून ‘तांबे हा एक धातू आहे’ असं दाखवलं. ही बातमी आम्हाला आजवर कुणी दिलीच नव्हती. मग प्रत्येकाने रंगीत कागदावर आपलं स्वप्न लिहून भिंतीला चिकटवायचं होतं. मी लिहिलं, जत्रेतली जागा. सर म्हणाले, ही अपेक्षा झाली, स्वप्न नाही, जरा मोठं लिहा. शेवटी ‘हेलिकॉप्टर’ लिहिलं तेव्हा त्यांनी माझी पाठ थोपटली.

दुसरा आठवडा सुरक्षिततेचा. हंडा ठोकताना डोक्यावर हेल्मेट हवं. आता चारचौघांत हॅट उतरवून बसणं तुझ्या बापालाही जमलं नसतं, म्हणून आम्ही हॅटवरच हेल्मेट चढवलं. वाकलं की ते ऐरणीवर पडायचं. तीन फुटली. (हॅटला काही झालं नाही.) तिसऱ्या आठवड्यात सरांनी पुस्तकात बघून कल्हई करून दाखवली. भांडं तापलं, नवसागर पडला, कथील वितळलं, आणि सर पुढचं पान उलटेपर्यंत सगळं काळं होऊन त्यांच्या अंगठ्याला टपोरा फोड आला. मी त्यांच्या हातून चिमटा घेतला, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवलं आणि फोडावर लावायला चरबी दिली. त्या दिवसापासून सर मधल्या सुट्टीत मला कोपऱ्यात नेऊन पुढचा धडा विचारून घ्यायचे. म्हणजे मी त्यांना शिकवायचं, त्यांनी तेच आम्हाला शिकवायचं, आणि मी ‘शिकलो’ म्हणून हजेरीवर सही करायची.

चौथ्या आठवड्यात पुस्तकाचं एक्केचाळिसावं पान आलं. त्यावर माझ्या बापाचा फोटो. तुझ्या आजोबांचा, मुर्शा. अंगणात जमिनीवर बसलेत, ऐरण मातीत रोवलेली, हंड्याची कड पायाच्या अंगठ्याने दाबून धरलीय आणि हातोडा वर उचललाय. शहरातून एक बाई तो फोटो काढायला आल्या होत्या, तुझ्या आईने त्यांना कोबीच्या पानातले सारमाले वाढले होते, दोनदा. फोटोवर लाल फुली आणि खाली छापलंय, ‘चुकीची बैठक’. नाव नाही, गाव नाही. मी ते पान फाडून खिशात घातलं. पुस्तक सरकारी, सरांनी तक्रार लिहायला हवी होती. त्याऐवजी ते बाहेर जाऊन सिगारेट ओढत बसले.

परीक्षेला एक गडू करायचा होता, खुर्चीवर बसून, टेबलावर. मी पंधरा मिनिटं इमानाने प्रयत्न केला. टेबल नाचतं, पत्रा पळतो, आणि ज्या पायाने पंचेचाळीस वर्षं भांडी धरली तो पाय बुटात नुसता बसून राहतो. शेवटी बूट काढले, फरशीवर बसलो आणि गडू ठोकून, मठारून गुळगुळीत करून, सांध्याला डाख देऊन पुढ्यात ठेवला. पाणी भरून तासभर ठेवला, थेंब गळला नाही. (त्यांचा नमुन्याचा गडू टेबलावर होता, त्याच्याखाली रुमाल अंथरलेला होता.) परीक्षक बाईंनी माझा गडू बोटाने वाजवून पाहिला, फार सुंदर म्हणाल्या, विकत द्याल का म्हणून विचारलं आणि मला नापास केलं. कागदावर लिहिलंय: ‘कामाच्या जागेचा वापर शून्य. उमेदवाराने खुर्ची नाकारली.’ अकराजणांत एकटा तोआदेर पास झाला. तो हातोडा सोडून वीस वर्षं जुने टायर विकतो. खुर्चीवर मात्र छान बसतो.

मुर्शा, मला राग आलाय, आणि तो हसण्यात गुंडाळून पाठवायचा आता कंटाळा आलाय. आम्हाला सामावून घेणार म्हणतात, पण बाहेर कुणी काढलं ते त्या पुस्तकात कुठल्याच पानावर नाही. जत्रेत आम्ही होतोच. आधी आम्हाला जागेवरून उठवलंत, मग त्याच जागेवर परत बसवायचा प्रकल्प काढलात, आणि त्या प्रकल्पावर तुमची घरं चालतात. माझ्या बापावर लाल फुली मारण्याआधी एखाद्या तांबटाला विचारलं असतंत तर त्याने सांगितलं असतं, की अंगठा सोडला तर कड वाकडी होते. तुमच्या त्या अख्ख्या इमारतीत तांबटाचं एकही लेकरू नव्हतं का? होतं. आम्हाला माहीत आहे.

असो. तुझ्याकडून काही नको. चार ओळी खुशालीच्या लिहाव्यात म्हणून बसलो आणि वाहवत गेलो. सूनबाईंना आशीर्वाद. आईला फोन कर, ऑफिसातून नको, रस्त्यावरून कर.

तुझा (ऑफिसात असशील तर कुणाचाच नाही),
इस्पासमामा

ता. क. – काही नको असं वर लिहिलंय ते खोटं आहे. नापास झाल्याचं पत्र बुखारेस्टहून आलं, त्याखाली तुझी सही आहे. आडनाव बदललंस, पण शेवटी ओढलेली लांब रेघ आपलीच, हंड्याच्या तळाला खूण कोरताना ओढतो ती. वर माझं नाव स्वच्छ छापलेलं आहे. न वाचता सही केली असशील तर तू आळशी आहेस. वाचून केली असशील तर तुला काय म्हणावं ते मला सापडलेलं नाही. आईला ते पत्र दाखवलेलं नाही. प्लेशा सरांनी विचारलं, हे मुंत्यानू साहेब तुमच्या ओळखीचे आहेत का? मी नाही म्हणालो. तेव्हा घाबरू नकोस.

ता. क. दुसरा – फेरतपासणीचा अर्ज सोबत जोडलाय (तसाच दुसरा माझ्याकडे आहे). तो येत्या सोमवारी नगरपालिकेत पोचला तरच जत्रेत जागा मिळेल. त्याला अर्जदाराला किमान दहा वर्षं ओळखणाऱ्या एका प्रतिष्ठित माणसाची शिफारस लागते. मी बाकी सगळं भरलंय. शिफारस करणाऱ्याचं नाव, सही, आणि त्याखाली ‘अर्जदाराशी नाते’, एवढंच कोरं आहे. बेकरीवाल्या मागदाबाई सही करायला केव्हाच्या तयार आहेत, नात्यात त्या ‘शेजारीण’ लिहिणार आहेत. त्यांना मी शुक्रवारपर्यंत थांबायला सांगितलंय.