रेवाचं खोडलेलं वाक्य

पार्सिपनी, मंगळवार, मार्च २००६

रेवाने तिच्या अमेरिकन शाळेसाठी निबंध लिहिला होता: स्पेनच्या राजाच्या वतीने सार्डिनिया बेटावर कारभार करणाऱ्या व्हाइसरॉयांवर. रविवारी मी तो बघायला घेतला आणि जवळजवळ सगळा बदलला. 'त्यांना घरची आठवण येत असेल,' हे वाक्य तर सरळ खोडलं. हा काय इतिहास आहे? कशाला खोडलं मी?

आज टीचरने तिला निबंधातलंच काहीतरी विचारलं. तिला सांगता येईना. "माय डॅड रोट इट," म्हणाली. वर्ग हसला.

घरी आल्यावर मी सॉरी म्हणालो. ते खोडलेलं वाक्य तुला कुठून सुचलं, तेही विचारलं.

"इट वॉज अबाउट यू, बाबा."

मी म्हटलं, "परत लिही ना, तुझं तू."

"नको. देऊन झालं."