श्यामलाच्या बांगड्यांबाबत

मी, श्रीकांत गुंडो मुतालिक, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार बसवनगुडी, बेंगळुरू, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाखाली न येता, पण घाईने लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. माझे मन ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले. त्यासाठी शंभरातून सात-सात वजा करून दाखवले. सहा वर्षांपूर्वी याच वजाबाकीत माझी पत्नी श्यामला अडली. तीस वर्षे तिने कन्नड शाळेत गणित शिकवले होते. हा तिसरा मसुदा आहे. दोनदा मध्येच उठलो, आताही एका जागी बसवत नाही.

एक. राहते घर स्वकष्टार्जित आहे. ते व बँकेतील ठेवी मुलगी स्वानंदी हिच्या ताब्यात द्याव्यात. श्यामला आहे तोवर घर विकू नये. देवनहळ्ळीजवळच्या स्मृतिभ्रंश केंद्रातला तिचा खर्च त्यातूनच चालवावा. पुढे सारे स्वानंदीचे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. केंद्रातून फोन आला तर मीटिंगमध्ये असली तरी उचलावा.

दोन. पीण्यातल्या माझ्या कारखान्यातला लहान लेथ व मापाची हत्यारे संताजीला द्यावीत. पंचवीस वर्षे तो माझ्याकडे लेथवर आहे. अट एकच: खालच्या कलमातल्या वस्तू लागतील तेव्हा त्याने करून द्याव्यात.

तीन. आता मूळ मुद्दा. दोन वर्षांपूर्वी श्यामलाला केंद्रात दाखल केले, तेव्हा नियमाप्रमाणे दागिने काढायचे होते. काचेच्या बांगड्या फुटतात, गळ्यातले कशात तरी अडकते. नियमात चूक काही नाही. मी फॉर्मवर सही केली आणि तिचे मंगळसूत्र व बांगड्या माझ्याच हातांनी उतरवून रुमालात बांधल्या. हे मी आजवर स्वानंदीलाही सांगितलेले नाही. फॉर्मवर भाषा विचारली होती. तिथे कन्नड, इंग्रजी, हिंदी असे ऐटीत लिहिले. त्यातली एकही तिच्याकडे उरली नव्हती. मराठी लिहायचे सुचलेच नाही, ती तर घरातली.

त्यानंतर ती जेवणघरात येईना. भिंतीकडे तोंड करून जमिनीवर बसे. नोंदवहीत ‘उदास, सहकार्य नाही’ असे आले आणि गोळी वाढली. वरमहालक्ष्मीच्या दिवशी तिथल्या बायका, तमिळ, बंगाली, कूर्गी, सगळ्या एकमेकींना कुंकू लावत होत्या. श्यामला मागे सरकली आणि हात पदराखाली लपवू लागली. मी पुढे झालो, तर मला म्हणाली, “नको, अण्णा. आमचे हे गेले. मला कुणी सांगितलंसुद्धा नाही.”

मी तिच्यासमोर उभा होतो.

सेविका महादेवी अथणीकडची. मराठी समजणारी तिथे ती एकटी. ती म्हणाली, “रोज मोकळं हात बघत्यात की, सर. दुसरं काय समजणार त्या?”

दुसऱ्याच दिवशी पीण्याला जाऊन हिरव्या नायलॉनच्या दांड्यातून बारा बांगड्या काढल्या. फुटत नाहीत, कडा घासून गोल केल्या आहेत. मंगळसूत्राला ओढताच सुटेल असा फासा बसवला. केंद्राच्या मॅडमनी ते ओढून, वाकवून पाहिले आणि ‘सरी’, म्हणजे ठीक आहे, म्हणाल्या. श्यामला जेवायला येऊ लागली. मला ओळखत नाही, अजून अण्णाच म्हणते. पण आता म्हणते, “बसा, अण्णा. हे कारखान्यातून येतीलच.” मी बसतो. तेवढ्यासाठी रोज जातो.

चार. माझी स्कूटर महादेवीला द्यावी. बस थांब्यापासून ती बरेच चालते. तिला वाटा दिल्यामुळे साक्षीदार करता आले नाही, म्हणून ती रुसली आहे.

पाच. आमचे वडील गेले तेव्हा माझी बहीण अलका हिने आईच्या बांगड्या फोडल्या. मी दारात उभा राहून पाहत होतो, त्यामुळे हा राग जितका तिच्यावर तितकाच माझ्यावरही आहे. ऑपरेशनचे कळल्यावर तिने फोन करून, काही झाले तर वहिनीचे रीतीप्रमाणे करावे लागेल, असे मला बजावले. आईचा चांदीचा करंडा तिला हवा आहे. तो द्यावा, मात्र माझ्यानंतर तिने देवनहळ्ळीला जाऊन त्यातले कुंकू स्वतःच्या हाताने श्यामलाला लावल्यावरच. तिला ते जमणार नसेल तर करंडा महादेवीकडे राहील.

सहा. माझा मृत्यू श्यामलाला कळवू नये. तिच्या बांगड्या, मंगळसूत्र, कुंकू कुणीही काढू नये. झिजल्यास संताजीने नव्या बांगड्या द्याव्यात. वकिलांच्या मते हे कलम कायद्यात बसत नाही. मी ते खोडलेले नाही. दोन वर्षांपूर्वी तिला मी एकदा विधवा केले आहे. पुन्हा करणार नाही. अण्णा का येत नाहीत असे तिने विचारल्यास, गावी गेले म्हणावे. आणि ह्यांची वाट पाहून ती कंटाळली, तर महादेवीने तिच्याशेजारी बसून सांगावे, “कामावर आहेत. आज दुसरी पाळी आहे.”

लिहून ठेवणार: श्रीकांत गुंडो मुतालिक (सही)

श्रीकांतरावांनी हे आमच्यासमोर मोठ्याने वाचले आणि उभ्याउभ्याच सही केली. त्यानंतर त्यांच्यादेखत आम्ही सह्या केल्या.

१. शरच्चंद्र वामन किणीकर, शेजारी (सही)
२. डॉ. मनस्विनी हेब्बार (सही)

बसवनगुडी, बेंगळुरू
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५