निळी बॅटरी, हिरवी बॅटरी

।। श्री ।।
फलटण, ३ मार्च २०२५

ती. क्रांतीताईस,
शिवांजलीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून हसशील. पण करू काय? तू मला फोनवर ब्लॉक केलंस, मग मी तुला केलं, आणि दोन वर्षं झाली तरी एकीचंही नाक खाली येईना. मामाच्या पोरीनं आत्याच्या पोरीशी बोलणं टाकावं, तेही कोरियात गाणाऱ्या पोरांवरून!

ताई, माझा ‘हारू सेव्हन’ ग्रुप थांबतोय गं. तिकडं पोरांना लष्करात जावंच लागतं. सोळा तारखेला, रविवारी, शेवटचा कार्यक्रम आहे. मी टीव्हीवर लावणार आहे. माझ्यासारख्या ‘हारू’वेड्या बाकीच्या पोरी लग्नं होऊन पांगल्या. रेश्मा तर म्हणाली, अजून त्यातच हायस व्हय?

सुट्टीत आपण खोलीत खडूची रेघ मारायचो. अलीकडं माझी पोस्टरं, पलीकडं तुझ्या ‘मून फर्न’वाल्या पोरांची. बॅटरीला जिलेटिनचा कागद बांधायचो, माझा निळा, तुझा हिरवा, आणि दुसरीचं गाणं लागलं की बॅटरी विझवून पाठ फिरवायचो. ते भांडण लय आठवतंय. मला एकटीला नाही बघवणार. येशील?

राग सोड, माया सोडू नकोस.
तुझी,
शिवांजली

माधवनगर, ८ मार्च

चि. शिवांजलीस,
अ. उ. आ. (सहा महिन्यांनी का होईना, मोठी आहे मी!)

लष्करात चालली? बरं झालं, आता तरी एका रांगेत नाचतील! लय हसले. मग तुझं ते ‘एकटीला’ पुन्हा वाचलं आणि रडूच आलं. शनिवारच्या एसटीनं येते. पण बॅटरी हिरवीच आणणार, आणि तुझ्या गाण्याला ती पेटणार नाही. सांगून ठेवते.

तुझ्या वीरधवलदादाला सुट्टी अर्धी टाकून सीमेवर ड्युटीला जावं लागलं आणि मामीला त्याला ओवाळताही आलं नाही, हे आईकडून कळलं. जीव हळहळला.

लोभ आहेच, निळा रंग सोडून.
क्रांती

माधवनगर, २० मार्च

चि. शिवांजलीस,
अ. उ. आ.

शेवटच्या गाण्याला तू ओढणीत तोंड खुपसून रडत होतीस, म्हणून तुला न दिसलेलं लिहिते.

मामीनं मला विचारलं, ह्या पोरांना त्यांच्या आयांनी ओवाळलं का? मी म्हटलं, तिकडं तशी रीत नाही. झालं! मामी निरांजन घेऊन आली आणि टीव्हीच्या काचेवर एकेकाच्या कपाळी कुंकू लावायला लागली. पोरं कुठली स्थिर राहतात! तीन कुंकवं एकाच्याच नाकावर. मी हसणार, तेवढ्यात मामी हळूच म्हणाली, सांभाळून ऱ्हावा रं, लवकर घरला या. ती कुणाला ओवाळत होती, ते मला कळलं.

मग माझ्यानं राहवलं नाही. हिरवी बॅटरी पेटवली, गाणं संपेपर्यंत धरली. कुणाला सांगशील तर बघ!

पुढच्या वर्षी आमच्या पोरांची पाळी. मामीला आणि निळी बॅटरी घेऊन ये. तुला अनब्लॉक केलंय, तरी पत्र लिहीत जा.

आणि टीव्हीची काच पुसू नकोस. दादा सुट्टीवर आला की मामी स्वतः पुसेल.

रेघेपलीकडूनही तुझीच,
क्रांती