भांडी वर लावायची सकाळ

रहाटणी,
१४ सप्टेंबर २०२५

चि. सिद्धेश,

ताईचे आशीर्वाद, निवेदितालाही. फोनवर आपण दोघंही घाईत असतो आणि भलतंच बोलून बसतो, म्हणून लिहायला घेतलं. पाकीट हर्षालीजवळ देते. तिचं कॉलेज तुमच्याच बाजूला आहे, आणि आत्याकडे नाही तरी मामाकडे जायला ती एका पायावर तयार असते.

इकडे सगळं ठीक. हर्षालीच्या बाबांची सेकंड शिफ्ट चालू आहे, त्यामुळे चाकणच्या ट्रॅफिकला शिव्या घालण्याचा कार्यक्रम ते घरी आल्याबरोबर होतो. माझ्या शाळेत सहामाहीचे पेपर काढायचे चाललेत.

वास्तुशांतीचं आमंत्रण मिळालं. फ्लॅटचा फोटो छान आहे. चौदावा मजला म्हणजे वारा भरपूर, डास नाहीत. तीस सप्टेंबर ही तारीख वाचली आणि मी तडक फोन केला. अष्टमी आहे, गुरुजींनी मुहूर्त दिलाय, निवेदिताला सुट्टी आहे, हे सगळं मला पटलं. पण "ताई, अजून किती वर्षं भांडी खाली काढणार आहेस? मला तर काहीच आठवत नाही, माझा काय संबंध?" हे मात्र लागलं.

तीस सप्टेंबरला, भूकंपाच्या तारखेला, किल्लारीकडे लोक स्मारकापाशी जमतात, फुलं वाहतात. आई कधी गेली नाही. त्र्याण्णव साली सगळं गेल्यावर ती तुला कडेवर घेऊन नि मला बोटाला धरून मामाच्या आधाराने काळेवाडीत आली, एका कंपनीच्या कँटीनमध्ये लागली. पुढच्या वर्षी ती तारीख आली, तेव्हा आदल्या संध्याकाळी तिने मांडणीवरची सगळी भांडी काढून फरशीवर पालथी मांडली. "वर कायबी नको ठिवू, माय," एवढंच म्हणाली. घर पडायच्या आधी आम्हाला भांड्यांचाच आवाज ऐकू आला होता. सकाळी उजाडलं की आंघोळ करून ती एकेक भांडं पुसून परत वर लावायची, मगच चहा टाकायची. शेजारणींना वाटायचं, हिने दिवाळीची साफसफाई लवकर काढली. आम्हीही तेच सांगायचो.

आई गेल्यापासून मी करते. हर्षालीचे बाबा काही म्हणत नाहीत, फक्त दरवर्षी न चुकता कढईला ठेचकाळतात.

आता फोनवर जे सांगता आलं नाही ते सांगते.

त्या रात्री तू रडत होतास. विसर्जनाच्या गडबडीत तुझी झोप मोडली होती आणि काही केल्या गप्प बसेनास. शेवटी आई तुला घेऊन अंगणात गेली. तुझ्या रडण्याने मलाही जाग आली, मी तिच्या पदराला धरून मागे गेले. अण्णा दारापर्यंत आले. "लेकराला गार लागंल, गोधडी आणतो," म्हणाले आणि आत वळले. मग भांडी वाजली.

आईने मला शपथ घातली होती. "त्याला सांगू नको. पोरगं जलमभर गोधडी अंगावर घेणार न्हाई." ती होती तोवर पाळली, नंतरही पाळली. आता मोडते, कारण तू संबंध विचारलास. लेकराला गोधडी आणावीशी वाटणं हे अण्णांचं होतं. बापाला वाटतंच. तुझं त्यात फक्त रडणं होतं, आणि त्या रडण्यामुळे आई आणि मी बाहेर होतो. एवढं वाचून स्वतःला दोष देत बसलास तर मी चौदा मजले चढून येऊन कान पिळीन.

मला तुझा राग आला होता हे खरं. पण राग कमी, धास्तीच जास्त होती. हर्षाली उद्या लग्न होऊन जाईल. माझ्यानंतर तू नाही म्हणालास, तर अण्णांची आठवण कुणाच्याच घरात राहणार नाही.

तारीख बदलू नकोस. मी येते. मला बाल्कनीत उभं करून फोटो काढू नका म्हणजे झालं.

एकच मागणं आहे. आदल्या संध्याकाळी नवी भांडी वरच्या कपाटांत लावू नका. खोक्यांत, फरशीवरच राहू द्या. सामान हलवण्याच्या धांदलीत ती तशीही तिथेच पडलेली असतील, निवेदिताला वेगळं काही समजावायला नको. सकाळी दूध उतू गेलं, पूजा झाली, की आपण दोघं एकेक पुसून वर लावू. अलीकडे मला वाटतं, आईसाठी त्या सकाळचं भांडी परत वर लावणंच मोठं होतं.

दुधासाठी पातेलं मी आणते, ढिगाऱ्यातून निघालेलं, आईचं. त्याचं बूड वाकडं झालंय. शेगडीवर डुगडुगतं, दूध उतू जाईपर्यंत कुणाला तरी ते सांडशीने धरून उभं राहावं लागतं. आधी आई धरायची, मग मी. या वेळी तू धर.

तुझ्या रडण्याने जागी झालेली,
जयमालाताई