चार पट्ट्यांवर एकच मावशी

ती. मावशीच्या चरणी धाकट्या भाचीचा साष्टांग नमस्कार. (मान अवघडलेली आहे, तेव्हा साष्टांगातलं एक अंग तूर्त वजा धर. भेटीत भरपाई करीन.)

तुझा गुडघा काय म्हणतो? काकांनी जिना चढताना शीळ घालणं सोडलं, की सांगून सांगून डॉक्टरच थकले? इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत. पाकीट बघून तू आधी घाबरशील, मग चष्मा शोधशील आणि मग म्हणशील, कार्टीला फोन करायला काय धाड भरली होती? तर ऐक. फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाहीस. पहिल्या वाक्याला विचारतेस जेवलीस का, दुसऱ्याला सांगतेस की जे जेवले ते चूक होतं, आणि तिसऱ्या वाक्यापर्यंत तुझा चहा उतू जातो. मला जे सांगायचंय ते इतकं भन्नाट आहे ना मावशी, की मधे कुणी तोडलं तर माझा जीवच जाईल. म्हणून पत्र. पत्रात तुला मधे बोलता येत नाही. (बोलशीलच, पण मला ऐकू येणार नाही.)

बातमी अशी, की मला अख्खं नाटक मिळालंय! नटी म्हणून नव्हे, लगेच कपाळाला हात लावू नकोस. संगीताला. आजवर मी दुसऱ्यांच्या मागे बसून वाजवलं. त्यांनी म्हणायचं, इथे जरा पाऊस दे, की मी पाऊस द्यायचा. त्यांनी म्हणायचं, पुरे, की मी छत्री मिटून बसायचं. या वेळी पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत जो जो आवाज ऐकू येईल तो माझा! दिग्दर्शन करणाऱ्या बाई फार कडक. (सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात, त्यांचा नवरासुद्धा.) दातांत पेन्सिल धरून तालीम बघतात, आणि ती कडकन मोडली की समजायचं, कुणाची तरी शंभरी भरली. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं, की रंगीत तालमीपर्यंत तुझे आवाज एकमेकांशी आणि नाटकाशी जमले तर तू, नाही जमले तर बाजारातलं तयार संगीत लावून मी मोकळी. म्हणजे मी परत मागच्या खुर्चीत. मला ती खुर्ची नकोय गं. नकोच आहे. इतकी वर्षं तिच्यावर बसून मला सगळ्या नाटकांच्या फक्त पाठी माहीत आहेत.

आता जरा माझ्या यंत्रांचं सांगते, जांभई देऊ नकोस. माझ्याकडे दोन आहेत. एक सिंथेसायझर. तो स्वतःच्या पोटातून आवाज घडवतो. बासरी म्हटलं की बासरीसारखं काहीतरी करून दाखवतो, आत्मविश्वास मात्र असा की बासरीनेच लाजावं. दुसरा सँपलर. त्याला स्वतःचं ओ की ठो येत नाही. आपण जो आवाज आत भरू तोच तो पट्ट्यांवर वाजवतो, वरच्या पट्टीवर बारीक आणि लगबगीने, खालच्या पट्टीवर जाड आणि रेंगाळत. करकरणारं दार भरलंस तर दाराची सरगम वाजेल. या दोघांचं आपसात अजिबात पटत नाही. एकाचे आवाज दुसऱ्याच्या घशाखाली उतरत नाहीत. बळंच भरवले तर तो छोट्याशा पडद्यावर प्रश्नचिन्ह दाखवून गप्प बसतो, काका रुसल्यावर बसतात तस्सा. त्यातून सँपलर जुना, पोट लहान. दुकानातून आणलेले हजारो आवाज समोर, आणि आत जागा मूठभर. निवडायचे कसे?

इथे तुझा लाडका जावई मदतीला धावला. (मी बोलावलं नव्हतं. ही नोंद असू दे.) तो चष्म्याचा दुकानदार, त्याला जगात एकच पद्धत ठाऊक. संध्याकाळी दुकान बंद करून आला की मला खुर्चीत बसवायचा, डोळे मिटायला लावायचा, सवयीने एक डोळा तळहाताने झाकायला सांगायचा आणि सुरू : आता पहिला, आता दुसरा, कुठला स्वच्छ? परत बघू, पहिला, दुसरा, की दोन्ही सारखेच? व्हायोलिनला व्हायोलिन, घंटेला घंटा अशा जोड्या लावून आम्ही हरलेले फेकले आणि जिंकलेले ठेवले. मी खूष, तो खूष. शेवटी तो म्हणाला, आता तुझ्या कानांना नंबर लागला! आणि आम्ही एकमेकांना टाळी दिली. मूर्ख माणसं एकमेकांना जरा जास्तच टाळ्या देतात.

कारण तालमीत काय झालं सांगू? आमची तालीम सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत चालते. मी दोन्ही यंत्रं लावली, बोटं मोडली आणि पहिल्या प्रवेशाचं संगीत सुरू केलं. अगं, एकेकटा आवाज ऐकताना अंगावर काटा येत होता, पण एकत्र? सगळेच मानाचे जावई! (तुझ्या जावयाने हे वाक्य वाचलंय. रागावलाय. रागावू दे.) व्हायोलिनला वाटे मी पुढे, घंटेला वाटे मी, आणि खालचे घुमणारे तिघे एकाच जागेसाठी अशी रेटारेटी करत होते की नटाने तोंड उघडलेलं दिसे, शब्द काही बाहेर येईना. खालचा सायकलवाला हातात पाना घेऊन वर आला आणि काळजीने विचारू लागला, वर कुणाचं काही कोसळलं का. पेन्सिल मोडली. बाई एवढंच म्हणाल्या, "बाजारातलं ऐकून ठेवते." मी जिन्यात बसून रडले. खोटं कशाला सांगू, चांगली हुंदके देऊन रडले. सायकलवाल्याने खालून पाण्याचा ग्लास पाठवला.

रडून झाल्यावर मात्र डोकं चालायला लागलं. लहानपणी आम्ही सगळी भावंडं तुझ्याकडे राहायला यायचो आणि सकाळी एका न्हाणीघरापुढे रांग लागायची, आठवतं? तू प्रत्येकाला वेळ वाटून दिली होतीस आणि मधे घुसणाऱ्याच्या पाठीत धपाटा. आवाजांचंही तेच! एकाने खालची जागा घेतली की दुसऱ्याने तिथे पाय ठेवायचा नाही. एक लांबलचक असेल तर दुसऱ्याने टुणकन येऊन जायचं. सगळ्यात सुंदर कोण हा प्रश्नच चुकलेला होता. कुणाशेजारी कोण नांदेल, हा खरा प्रश्न. मी धपाटे घालत सुटले. घंटा हाकलली, दोन व्हायोलिनं हाकलली, घुमणाऱ्या तिघांतले दोघे घराबाहेर काढले. मग लक्षात आलं, की उरलेले दुकानातले आवाजही फार नटलेथटलेले आहेत. नाटकातलं घर साधं, म्हातारा बाप साधा, आणि संगीत मात्र जरीकाठाचं. म्हणून मी फोन घेऊन आमच्या इमारतीत हिंडले आणि घरगुती आवाज गोळा केले : जिन्याचा कठडा, टाकीत पडणारं पाणी, पाणी चढवणाऱ्या पंपाची घुमघुम. पंप तर असा सुरात लागलाय की मी त्याच्या पाया पडायची बाकी राहिले. (शेजारीण बघत होती. आता ती लिफ्टमध्ये माझ्यासोबत येत नाही.)

आणि इथे माझ्या हातून ती चूक झाली. फोनमध्ये आवाजांना नावं नसतात गं, नुसते लांबलचक आकडे असतात. मी पंपाचा आवाज फोनमध्ये घेतला त्याच दुपारी तू मला नेहमीसारखा व्हॉइस मेसेज पाठवला होतास. पंप आणि तू शेजारीशेजारी, आकडा जवळजवळ सारखाच. मी सगळं गठ्ठ्याने सँपलरच्या भाषेत बदललं, भरलं, घाईत एकदाही न ऐकता यंत्र उचललं आणि तालमीला पळाले, कारण बाईंनी मोठ्या मिनतवारीने आणखी एक संधी दिली होती.

प्रवेश शेवटचा. बापाचं काम करणारे गृहस्थ (मिश्यांमुळे सगळे त्यांना कर्नल म्हणतात) खाटेवर पडलेत, उशाशी थोरला मुलगा. बायको केव्हाच गेलेली, ती नाटकात दिसतच नाही. बाप डोळे मिटतो आणि त्याला शेवटचं काहीतरी ऐकू येतं, असं लिहिलंय. काय ते लिहिलेलं नाही. तिथे मी पंपाचा खोल, गंभीर घुमारा देणार होते. मी श्वास घेतला आणि चार पट्ट्या एकदम दाबल्या.

मावशी, चार पट्ट्यांवरून चार मावश्या बोलल्या! एक तुझ्या नेहमीच्या आवाजात, एक पोपटासारखी, एक मधली, आणि एक खालची, जिला मिश्या असाव्यात. चौघी एकदम म्हणाल्या, "गॅस बंद केलास का? आणि उन्हातून आल्या आल्या गटागटा पाणी पिऊ नकोस, शंभरदा सांगितलंय." पोपट आधी संपला, मिशीवाली रेंगाळत 'सांऽऽगितलंऽय' करत राहिली. बापाच्या उशाशी बसलेला थोरला मुलगा, अट्टल नट, रडता रडता पटकन म्हणाला, "हो, केला." कर्नल मेलेले होते, ते उठून बसले आणि खिसे चाचपू लागले, ते घरी एकटेच राहतात, आणि त्यांना खरंच आठवेना. त्यांनी शेजाऱ्याला फोन लावला. मी यंत्राच्या मागे तोंड लपवलं. म्हटलं, संपलं. गाशा गुंडाळा.

पेन्सिल मोडल्याचा आवाज येईना. मी हळूच डोकं वर काढलं तर बाईंनी ती तोंडातून काढून हातात धरली होती. म्हणाल्या, "परत वाजव. एकच पट्टी." मी तुझी खरी पट्टी दाबली, आणि खाली हलकेच पंप ठेवला, या वेळी खरा पंप. कर्नल परत आडवे झाले. अंधारात त्या म्हाताऱ्या माणसाला त्याची गेलेली बायको विचारत होती, गॅस बंद केलास का. एवढंच. कुणी हसलं नाही गं. बाईंनी नाक पुसलं आणि धूळ फार आहे म्हणून खिडकी लावायला सांगितली, ती लावलेलीच होती. मग म्हणाल्या, "त्याला काय ऐकू येतं ते मी किती दिवस शोधत होते. शंख लावून पाहिला, सनई लावून पाहिली. आणि ते हे होतं." मी त्यांच्या गळ्यात पडले. त्यांना ते आवडत नाही, तरी पडले.

आणि सगळ्यात गंमत म्हणजे तुझ्यामुळे माझा गुंता सुटला. तुझ्या आवाजाला मधे जागा दिली आणि बाकीच्यांना सांगितलं, ही बोलत असताना कुणी ब्र काढायचा नाही, आणि सगळे गुण्यागोविंदाने नांदायला लागले! खाली पंप, वर सिंथेसायझरची ती बासरीसारखी बासरी अगदी दबकून, आणि मधोमध तू. तुझा जावई तालमीला येऊन ऐकून गेला. त्याने एक डोळा झाकला, मग दुसरा झाकला आणि म्हणाला, आता काही बदलू नकोस. मी इतकी आनंदात आहे की दूधवाल्यालाही सगळी गोष्ट सांगितली. तेव्हा तू आणि काकांनी पहिल्या प्रयोगाला यायचंच. पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या मी धरून ठेवल्या आहेत.

काकांना नमस्कार, तुला आणखी एक (तोही एक अंग वजा).

तुझी लाडकी, निदान हे वाचेपर्यंत तरी,
धाकटी

ता. क. तुझा आवाज नाटकात वापरायला तुझी परवानगी आहे ना? नसली तरी कळव. तालमीत तो रोज वाजतोच आहे आणि चहावाल्यापर्यंत सगळे तुला मावशीच म्हणतात, त्यामुळे आता नाही म्हणालीस तर फार जणांना वाईट वाटेल.

ता. क. दुसरा. वर मी सगळं जमलं असं लिहिलंय, ते थोडं लवकर लिहिलं. बाईंना आता ही बायको दुसऱ्या अंकातही हवी आहे, पण तिथे ती नवऱ्यावर भडकलेली पाहिजे, अगदी भांडी वाजतील अशी. तेवढं रंगीत तालमीपर्यंत मिळालं नाही तर दुसऱ्या अंकाला बाजारातलं संगीत आणि मी मागच्या खुर्चीत. मी तुझे सगळे जुने मेसेज ऐकले. गॅस आहे, खोकल्याचं औषध आहे, स्वेटर आहे, पण खराखुरा संताप कुठेच नाही. रागावतानाही तू शेवटी 'बाळा' म्हणतेस आणि सगळं नासतं. मुद्दाम रागावून बोल म्हणावं, तर ध्वनिमुद्रण चाललंय असं कळलं की तू शाळेच्या बक्षीस समारंभातल्या पाहुण्यांसारखी बोलायला लागतेस. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत तू मला 'वधूस' म्हणाली होतीस.

ता. क. तिसरा. नाटकाची पत्रकं छापून आली. तुझा उल्लेख अगदी ठळक अक्षरांत आहे : 'खाष्ट म्हातारीचा आवाज – संगीतकाराची वृद्ध मावशी, वय ऐंशी.' तू साठीची आहेस हे मला माहीत आहे, पण मीच म्हटलं, आवाजावरून ऐंशी शोभेल. शहरभर वाटून झाली आहेत. तुझ्या भिशीतल्या सगळ्या बायकांना पोस्टाने वेगळी पाठवली. आता फोन करू नकोस, मी उचलणार नाही. व्हॉइस मेसेजच पाठव. तोंडाला येईल ते बोल, काही हातचं राखू नकोस, फक्त बोलण्याआधी पंखा तेवढा बंद कर. त्याची घरघर मागे येते.